मुळ्याला आलेली फुलं

मळ्यातली माय माणसं भाजीवरून ओळखायची. अमडापुरात एखाद्याचं नाव घेतलं तर ती गोंधळायची, पण ‘वांगं न खाणारी बाई’ किंवा ‘भेंडी मोडून पाहणारा शिंपी’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहायचा. मी तिच्या लेखी ‘आंबाडीवाले सर’. बारा वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं, बारा वर्षं ती आमच्या दारात टोपली उतरवत आली, आणि माझं आडनाव तिला कधीच ठाऊक नव्हतं.

“भाजी थांबत नाही, सर,” हे तिचं ठरलेलं वाक्य. पाणी प्यायला बस म्हटलं तरी तेच, ताप आला असताना का आलीस विचारलं तरी तेच. सख्ख्या भाचीच्या हळदीतून उठून ती मेथी उपटायला गेली होती. बोलता बोलता तिचे हात जुड्या बांधत असायचे. त्यांच्याकडे ती बघायचीही नाही, आणि एक जुडी दुसरीपेक्षा कमी भरायची नाही.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. आठवडी बाजार बंद झाला, चिखलीची बस बंद झाली. माय गावातच घरोघर भाजी देऊ लागली, पण एकटं गाव असं किती खाणार? शाळेलाही कुलूप होतं. मी दिवसभर मोबाइलमध्ये आजाराच्या बातम्या वाचत बसायचो आणि रात्री झोप यायची नाही. शेवटी बायकोनं एका सकाळी हातात पिशवी दिली आणि मळ्यात पिटाळलं.

गेलो तर बांधाजवळ ट्रॅक्टर उभा. मायचे यजमान, ज्यांना सारं गाव दादा म्हणायचं, उभ्या भाजीवर रोटावेटर फिरवायला निघाले होते. मुळे जून झाले होते, मेथी निबर झाली होती, ठेवून उपयोग नव्हता. माय वाफ्यात वाट अडवून उभी होती.

“काऊन नाही म्हनतं?” दादांनी विचारलं.

“पंधरा दिवस थांबा,” ती म्हणाली. “आपल्याले कुठी जायचं हाये? आजवर या भाजीले कधी फुलू देलं नाही आपण. एक डाव पाहू तं द्या.”

दादांनी ट्रॅक्टर सुरू केला. ट्रॅक्टर तसाच माघारी गेला. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना हे पटलेलं नाही.

पुढच्या दिवसांत जे झालं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मुळ्याचे दांडे कमरेएवढे वाढले आणि त्यांना पांढरी, कडेला जांभळट फुलं आली. गाजरावर पांढऱ्या छत्र्या उघडल्या. कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांबार, तर इतका बारीक फुलला की लांबून वाफ्यावर धुकं उतरल्यासारखं वाटे. आणि मधमाश्या! धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की सगळा मळा गुणगुणताना ऐकू यायचा. माय स्वतःच्याच शेतात परक्यासारखी, पाय जपून टाकत हिंडायची.

“मले वाटे, मले मुळा माहीत हाये,” ती एकदा म्हणाली. “लहानपणी माह्या मायनं बियाले ठेवलेली दोन-चार झाडं पाह्यली होती. बाकी जलमभर उपटतच आली. अर्धा मुळा तं मी पाह्यलाच नाही, सर.”

मी चौथीपर्यंत शिकवतो. पोरं नंतर कुठे जातात, काय होतात, मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी मोबाइल उघडलाच नाही. जुन्या हजेरीपटातली नावं आठवत बसलो.

रोज सकाळी जाण्याची मला सवयच लागली. पहिले काही दिवस दादा मळ्याकडे पाठ करून विहिरीवर बसत. मग एक दिवस दोघं धुऱ्यावर शेजारी बसलेली दिसली. मध्ये चहाची किटली. नुसती मळ्याकडे बघत होती. मी पुढे न जाता परत फिरलो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत दादांना बुलढाण्याला नेलं. ते परत आले नाहीत. मायला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही.

महिन्याभरानं मी भेटायला गेलो. बसल्यावर ती सांगू लागली.

“लगनाले अडतीस वर्सं झाले होते, सर. त्या फुलायच्या दिवसांत त्याइनं मले पहिल्यांदा इचारलं, तुले कोणतं फूल आवडते म्हनून.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मले सांगताच नाही आलं. कधी कोनी इचारलंच नव्हतं ना. मंग दुसऱ्या दिवशी पहाटे उठून एकटीच साऱ्या मळ्यात फिरली. एकेक फूल पाह्यलं. अन् घरी येऊन सांगतलं, सांबाराचं.”

हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पदरानं पुसत होती. त्याच पावसाळ्यात ती मेहकरला लेकीकडे राहायला गेली.

तिच्याशी हे बोलणं झालं त्या संध्याकाळी मी घरी आलो. बायको ओट्यापाशी उभी होती. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. मी तिला विचारलं, तुला कोणतं फूल आवडतं?

तिनं गॅस बारीक केला आणि ती विचार करू लागली.