भीमाची चीर

मोहन गेल्याचा फोन आला आणि रडू यायच्या आधी मला हसू फुटलं... सकाळचा चहा पिता पिता गेला म्हणे. जन्मात कुठे साधा प्रवेश न केलेल्या माणसाने इतक्या गुपचूप जावं?

आम्ही दोघे इब्रामपूरचे. तो सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास डिचोलीच्या थिएटरात एक मारधाडीचा सिनेमा लागला. त्यातला नायक दार सोडून थेट काचेची भिंत फोडून खलनायकाच्या बंगल्यात घुसायचा. मोहनने तो इतक्यांदा पाहिला की गेटकीपर त्याला नावाने हाक मारू लागला. त्या वर्षी आमच्या जत्रेच्या नाटकात मोहन भीम होता आणि मी सहदेव, म्हणजे नुसता उभा. दिग्दर्शक आणि पेटीवाले बाबी मास्तर. त्यांच्या शोभावर मोहनचा जीव जडला होता, आणि मास्तर ट्रकवाल्याला मुलगी देणार नाहीत हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून भीम विंगेतून न येता गदेसकट राजवाड्याच्या पडद्यातूनच टरकन बाहेर आला. पब्लिकने शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. नाटक संपल्यावर मास्तरांनी शांतपणे विचारलं, "दार आसताना राजवाडो कित्याक फाडलो?"

"दार पावण्यांक, मास्तर."

"मगीर फाडलो तो तूंच येवन शिंव."

मोहन त्यांच्या घरी पडदा शिवायला बसला आणि शर्टाची निळी बाही राजवाड्याला शिवून बसला. शोभाने हसत हसत कात्रीने त्याला सोडवलं. बाहीचा तुकडा मात्र पडद्यावरच राहिला. भीमच राजवाड्याला अडकून बसलेला पाहून मास्तरही हसले होते, आणि पुढच्या जत्रेपर्यंत जावई मिळाल्याचं सगळ्यांना सांगू लागले. चीर मास्तरांनीच उघडी ठेवायला लावली. तेव्हापासून आमचा भीम तिथूनच येतो. आजच्या पोरांना वाटतं, महाभारतात तसंच लिहिलंय.

यंदा, तो गेल्यावर महिन्याभराने जत्रा आली. मंडळाने नवाकोरा पडदा आणला होता. राजवाडा अखंड, चीर कुठेच नव्हती. मोहन आता खरोखरच संपला, असं वाटलं... तेवढ्यात शोभावहिनी आली. तिने कात्रीने राजवाडा मधोमध चिरला, कडा दुमडून शिवल्या, मग जुन्या पडद्यावरचा निळा तुकडा उसवून चिरेच्या टोकाला टाचला.

"आतां येवं दी भीम," ती म्हणाली, आणि पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसली.