गल्लीतला चौथा कारखाना

महिन्यापूर्वी सकाळीच भाच्याचा, संजयचा फोन आला. "मामा, आई गेली." पण माझी निर्मलाताई आठवली की रडू कमी येतं, अंगात उत्साहच जास्त संचारतो. ती होतीच तशी.

भावजी गेल्यावर सुरतेत, उधन्याच्या एका गल्लीत तिने कापडमागांचा कारखाना सांभाळला आणि एकाचे तीन केले. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, कामगारही बहुतेक तिकडचेच. नव्वदनंतर धंद्यात तेजी आली, आणि नेमके तेव्हाच शेजारचे म्हातारे शेठ आपला कारखाना विकायला निघाले. गल्लीतला तेवढा एकच तिचा नव्हता. "बेन, तमे ज लई लो," तुम्हीच घ्या, असं ते ताईला म्हणाले. संजय हरखून गेला. ताई घरी येऊन म्हणाली, "मी नाही घेणार. मला पुरे झालं."

त्या संध्याकाळी जेवताना जे काही भांडण जुंपलं... मी तिथलाच शाळामास्तर, तरी संजयच्या बाजूने. "कष्टाचं आहे ताई, चोरीचं नाही. पुरे किती, हे ठरवणार कोण?"

"माझ्यापुरतं मीच. आपला कारागीर हिंमत माझ्याशी मजुरीवरून भांडला आणि शेजारी शेठकडे कामाला लागला, म्हणून मी मजुरी वाढवली. चांगुलपणाने नाही. उद्या चारही दारं माझी झाली, तर भांडून माणूस जाईल कुठे?"

 

दुसऱ्या दिवशी तिने हिंमतला गाठलं. "तुम्ही सगळे मिळून घ्या. बँकेत मी जामीन राहते." हिंमत हसला, "आम्हीच मालक व्हयनूत, ते शिव्या कोनले देसूत?" शिव्या द्यायला मालकच उरणार नाही, ही त्याची अडचण. पण मग गल्लीत नुसती धामधूम उडाली. पाळी सुटली की ओट्यावर बैठक, भाषणं, भांडणं, समजुती... मीही शाळा सुटली की तिकडेच. अखेर सौदा झाला. माग त्यांच्या नावाने सुरू झाले, तेव्हा त्या खडखडाटात ताई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. संजय मात्र तिच्याशी वर्षभर तुटक वागला. पुढे त्या कारखान्याने तिचेच चांगले कारागीर पळवले, तिला पुन्हा मजुरी वाढवावी लागली. हे ती मोठ्या खुशीत सांगायची.

त्या चौथ्या कारखान्यात गेली की ती उंबऱ्याबाहेर थांबून विचारायची, "येऊ का आत?" परवा मी गेलो, तर त्या दारात संजय उभा होता. "येऊ का आत?" त्याने विचारलं. मागांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. हिंमतचं लक्ष जाईपर्यंत तो तसाच उंबऱ्याबाहेर थांबला.