हेदवीचं भात

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे तपासून पाहायची वेळ पंचेचाळीस वर्षांत माझ्यावर आली नव्हती. घरात देव होते, त्यांची पूजा बायको करत असे, मी परडीभर फुलं आणून देत असे. एवढ्यात माझं भागत होतं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास, माघात, ती गेली. न्यूमोनिया झाला होता. रत्नागिरीच्या दवाखान्यात ती बावीस दिवस होती आणि बावीसही दिवस मी तिथे होतो. त्यानंतर सकाळी फुलं आणायचं मी बंद केलं. देवांवर धूळ बसली. तेरा वर्षांची माझी मुलगी शालू कधीतरी ती पुसायची, मी तिला अडवत नव्हतो आणि पुस असंही म्हणत नव्हतो.

आमचं घर आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या उतारावर. भाताची जमीन अठरा गुंठे, थोडे काजू, सात माड. तरुणपणी मी मोजणी खात्यात पाच वर्षं साखळी ओढली, तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मोजण्याची मला सवय आहे. कोणत्या माडाला किती नारळ लागले, पेरणीपासून कितव्या दिवशी तरवा, म्हणजे लावणीची रोपं, उपटला, हे सगळं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. बायको हसायची. म्हणायची, “एक दिवस माझ्या बांगड्याही मोजाल.”

ती हेदवीची. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्याआधी माहेराहून येताना तिने भाताच्या बियाण्याची लहानशी मुडी आणली होती. पेंढ्याच्या वेण्यांत घट्ट आवळलेला भाताचा गोळा म्हणजे मुडी. त्या भाताला पिकताना तांबूस कुसळं येत. वाऱ्यावर शेत हललं की गंज चढल्यासारखं दिसे. त्याचं खरं नाव तिलाही माहीत नव्हतं, आम्ही हेदवीचं भात म्हणायचो. पुढे गावात सुधारित बियाणं आलं. दुप्पट उतारा येतो म्हणून सगळ्यांनी ते घेतलं, मीही मोठ्या चोंढ्यात, म्हणजे खालच्या सखल शेतात, तेच लावलं. पण विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत ती दुसरं काही लावू देत नसे. आश्विनात पहिल्या लोंब्या निघाल्या की त्यांची जुडी बांधायची आणि कोणी गुहागरकडे जाणारं भेटलं की हेदवीच्या दशभुजा गणपतीला पाठवायची. एकवीस वर्षांत तिने हे एकदाही चुकवलं नाही. बियाणं निवडणं, वाळवणं, मुडी बांधणं, चुलीवरच्या आढ्याला टांगणं, सगळं तिचं. त्यात मी कधी हात घातला नाही आणि कधी विचारलंही नाही.

तिच्या तेराव्याला ठरवल्यापेक्षा जास्त माणसं आली. कणगीतलं भात पुरणार नाही, असं माझ्या लक्षात आलं. आढ्याला दोन मुड्या टांगलेल्या होत्या. मी दोन्ही खाली उतरवून तराजूत घातल्या, पायलीभराचाही फरक नव्हता. माझा हिशोब सरळ होता. दोन्ही एकाच शेताच्या, एकाच सुगीच्या. एक खाऊ, एक बियाण्याला राहील. एकीच्या दोरीला तीन गाठी होत्या, दुसरीला एकही नव्हती. ते मी पाहिलं, पण गाठ म्हणजे गाठ, यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही. तीन गाठींची मुडी हाताशी होती, ती सोडली आणि गिरणीत पाठवली. त्या भाताला सुंदर वास सुटला होता. पंगतीत लोकांनी मागून मागून घेतला, हे मला आठवतं.

उरलेली मुडी मृगाच्या तोंडावर पेरली. तरव्याच्या जागेवर राब चांगला भाजला होता, पाऊसही वेळेवर आला. पाचव्या दिवशी कोंब दिसायला हवेत. पाचव्या दिवशी काही नव्हतं, आठव्या दिवशीही नव्हतं. बाजूलाच पेरलेलं सुधारित भात हिरवं झालं होतं. शालू रोज सकाळी दारातून विचारायची, “बाबा, रुजलं?” मी मान हलवायचो. बाराव्या दिवशी तिने विचारणं बंद केलं.

त्या दिवशी शेजारच्या यशोदा वहिनी बांधावर आल्या. मी चिखल उकरून दाणे बघत बसलो होतो. आंबूस वास येत होता.

“काय भावजी, दाणं मोजताव काय?” असं म्हणून त्यांनी एक दाणा उचलला आणि नखाने फोडला. मग दुसरा फोडला. त्यांचं हसू गेलं. “अवो, ह्ये तर उकडं हाय.”

“उकडं कसं असेल? मुडीतलं आहे.”

त्या तिथेच चिखलात बसल्या. “ताईनं खायला म्हणून उकडून खळ्यात वाळत टाकलं व्हतं. त्याच सांजला तुमी तिला दवाखान्यात नेलंव. आभाळ भरून आलं म्हणून मीच गोळा केलं, मीच मुडी बांदली. कणगीला हात कसा लावू, तुमी घरात नाय. बियाण्याला ती तीन गाठी मारायची वो. तुमाला ठावं नव्हतं?”

उकडलेलं भात जन्मात रुजत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना कळतं. एकवीस वर्षं जिच्याबरोबर एका घरात राहिलो, तिच्या तीन गाठींचा अर्थ मला शेजारणीकडून कळला. तिने राखलेलं बियाणं मी तिच्याच तेराव्याला शिजवून घातलं होतं. शेत पडीक राहणार नव्हतं, वहिनी लगेच म्हणाल्या, “आमच्यातला तरवा न्या.” पण हेदवीचं भात संपलं होतं. दवाखान्यात ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, कागदपत्रं करायची होती. त्या दिवशी बांधावर बसून रडलो. वहिनीही रडत होत्या आणि मध्येच स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही.

आषाढ लागल्यावर मी हेदवीला गेलो. भक्तीने नाही. तिच्या गावात कोणाकडे तरी ते बी असेल, एवढ्याच आशेने. जयगडपर्यंत एसटी, तिथून होडीने खाडी ओलांडून तवसाळ, पुढे पावसात चालत. तिचे आईवडील केव्हाच गेलेले, भाऊ मुंबईला, घराला कुलूप आणि शेतात काजूची कलमं. मी अकरा घरं विचारली. प्रत्येक घरात पाट मांडला, चहा दिला, तिची चौकशी केली आणि ती गेल्याचं ऐकून हळहळ केली. तांबूस कुसळाचं भात म्हटल्यावर म्हातारे म्हणत, “व्हतं खरं पूर्वी.” आता सगळ्यांकडे सुधारित. अकराव्या घरातून बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि खाडीची होडी बंद झाल्याची बातमी आली होती.

म्हणून देवळात गेलो. दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे खरं कारण. समोर पांढरीशुभ्र मूर्ती, दहा हात. सवयीने मी ते मोजले. हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, एकवीस जुड्या तुझ्याकडे आल्या, एकही चुकली नाही. तू मात्र तिला बावीस दिवसांत नेलंस, आणि जे उरलं होतं ते माझ्या हातून घालवलंस. आता मला काही मागायचं नाही. एवढं म्हणून मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलो. इतकं रिकामं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतरही वाटलेलं नाही. शालू यशोदा वहिनींकडे सुरक्षित होती. ती नसती तर मी घरी परत गेलो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सकाळी पायऱ्या उतरत होतो. खालच्या कुणग्यात, भाताच्या छोट्या तुकड्यात, एक म्हातारी एकटीच लावणी आटपत होती. पाठीवर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने मान वर न करताच हाक मारली.

“ओ पावणं! तरवा हवा काय?”

मी थांबलो. “मला?”

“मग काय गणपतीला इचारत्ये? माझी लावणी झाली. ह्यो उरला. उरलेला तरवा टाकू नये, इकू तर नयेच. हाताला लागंल त्याला द्यावा.”

मी म्हटलं, “आजी, मी खाडीपलीकडचा आहे. रत्नागिरीकडचा.”

“मग तिकडं काय चिखल नसतो?”

कोणतं भात आहे, हे मी विचारलं. “भात हाय,” ती म्हणाली आणि मुठी बांधायला लागली. लहान तरव्यावरून जात ओळखणं मला जमत नाही. बायकोला जमत असे. म्हातारीने एकोणीस मुठी बांधल्या, मुळांना ओला चिखल फासला, केळीच्या पानांत गुंडाळून भारा माझ्या डोक्यावर दिला आणि पुन्हा पाण्यात वाकली. मी नाव विचारलं नाही, तिनेही माझं विचारलं नाही. होडीवाला हसून म्हणाला, “सासुरवाडीहून तरवा? लोक फणस आणतात वो.” सासुरवाडीला गेलो होतो, हे त्याला जाताना मीच सांगितलं होतं. भाऱ्यातलं पाणी मानेवरून गळत होतं.

विहिरीजवळच्या कोपऱ्यात शालूने आणि मी मिळून तो लावला. चार गुंठ्यांतला जेमतेम दीड गुंठा भरला, उरलेल्यात वहिनींचा तरवा लावला. मला कसलीही आशा नव्हती. फक्त तो टाकायचा नाही, असं म्हातारीने सांगितलं होतं. श्रावण गेला, भाद्रपद गेला. गणपती आले, पण माझ्याच्याने आरतीला उभं राहवलं नाही.

आश्विनात एका सकाळी शालूने विहिरीवरून हाक मारली, “बाबा, या हो इकडे.” तिचा आवाज ऐकून मी धावलो, मला वाटलं साप. ती बांधावर उभी होती. त्या दीड गुंठ्यात बहुतेक लोंब्या साध्या होत्या. मधल्या एका पट्ट्यात मात्र तांबूस कुसळं निघाली होती. मी आत उतरून मोजले. दोनशे अकरा चूड, म्हणजे रोपांचे झुबके. दोनदा मोजले.

ते वेगळे कापले, वेगळे झोडले. पायलीभर बी निघालं. पहिल्या लोंब्यांची जुडी मात्र मी कोणाच्या हाती पाठवली नाही, स्वतः घेऊन गेलो. त्या दिवशी दहा हातांसमोर मी माझे दोन जोडले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं, आणि काही म्हणवलंही नाही.

म्हातारी तिच्या खळ्यात भेटली. मी कोण ते सांगितलं, लोंबी दाखवली. तिला काहीच आठवेना. “दरसाल कोन ना कोन येतं,” ती म्हणाली. हे बी तुमच्याकडे कुठून आलं, असं मी विचारलं. तिने लोंबी डोळ्यांजवळ नेली. “देवापुढच्या लोंब्या झडतात, पायऱ्यांवर दाणं सांडतात. झाडताना पदरात येतात, ते मी टाकत्ये शेतात. त्यातलं असंल. नायतर नसंल. रुजलं ना? मग झालं.”

मी घरी आलो. ह्या गोष्टीत काय खरं मानायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. बायकोची आठवण काढली की अजूनही छातीत तसंच होतं, ते कमी झालेलं नाही. पण सकाळी परडीभर फुलं आणतो आणि आता ती वाहतोही मीच. लावणी झाल्यावर उरलेला तरवा वाटेच्या बांधावर ठेवतो. कोणी किती नेला, हे कॅलेंडरवर लिहीत नाही. तेवढी एक मोजणी मी सोडली आहे.

बियाण्याची मुडी आता मी बांधतो. पहिल्या वर्षी ती वाकडीतिकडी झाली होती, यशोदा वहिनी बघून म्हणाल्या, “ही मुडी की गळाठलेलं पोर?” दोरीला गाठी मारत होतो तेव्हा शालू दिवा धरून उभी होती. तिने विचारलं, “बाबा, तीनच का?”

मला सांगता आलं नाही. तिच्या आईला विचारायचं राहून गेलं होतं. मी तिसरी गाठ आवळली आणि मुडी आढ्याला टांगली.