जलपर्णी संपली तेव्हा

कंपनी बंद पडली आणि आमच्या मोहन्यात एकदम सगळी पोरं रिकामी. आम्ही चाळीतले, ते गावातले. मैदान गावाच्या जमिनीवर, त्यामुळे संध्याकाळी क्रिकेट कमी आणि स्टंप घेऊन मारामारीच जास्त. एकदा तर पोलिसांची गाडी आलेली.

मग नदीतली जलपर्णी काढायचं काम निघालं, रोजावर. पाणी दिसेनासं झालेलं तिच्यामुळे. मुकादमाने दोन्हीकडची पोरं घेतली. कारण साधं, होड्या गाववाल्यांच्या आणि आम्हाला कुणाला पोहता येत नव्हतं. ते होडीतून जलपर्णीच्या गठ्ठ्याला दोर घालणार, आम्ही काठावरून ओढणार. आम्ही झटका दिला की त्यांची होडी कलंडणार. म्हणजे बघा, कालपर्यंत ज्याच्या डोक्यात स्टंप घालायचा, आज त्यालाच विचारून ओढायचं.

माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला गावातला एक दांडगा मुलगा. पहिल्याच दिवशी ओरडला, "हलू र, चालीतल्या. मी परलू तं तुज्या घरा येऊन जेवीन."

"ये की, आईने कारलं केलंय," मी म्हणालो. सगळी होडी हसली.

आणि तो खरंच आला जेवायला, कारलं खाल्लं पण. मग तो रोज माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायला लागला. मैदानात टीम पाडताना आधी मलाच मागायचा. गाव-चाळ काही नाही, सगळं मिक्स.

काय दिवस होते यार. हाताला तो कुजका हिरवा वास, साबणानेही जायचा नाही. आता हवाय तो वास.

आणि आम्ही वेडे, जीव लावून काम केलं. नदी चकाचक. मुकादम म्हणाला, "शाबास पोरांनो. उद्यापासून येऊ नका."

त्यानंतर आम्ही दोघं सकाळी काठावर बसून पाण्यात काही हिरवं दिसतंय का बघायचो.

"ते बग, येक पान," तो म्हणायचा.

एका पानासाठी कोण रोजावर घेणार. शेवटी तो माजिवड्याला ट्रकवर लागला, मी डोंबिवलीत प्रेसमध्ये. भेट नाही, काही नाही.

नदी आता परत भरलीय जलपर्णीने. कामाला मात्र कोणी बोलावत नाही. मागच्या महिन्यात मैदानात पुन्हा राडा झाला, नवी पोरं, गाव आणि चाळ, आमच्यासारखीच रिकामी. मी सोडवायला गेलेलो. चाळीतल्या एकेकाला नावाने हाक मारून मागे खेचलं. मग समोर बघितलं, गावातल्यांना खेचायला तो कुठे दिसतोय का. तो नव्हता. आणि तिकडच्या एकाही पोराचं नाव मला माहीत नव्हतं. नुसतंच "अरे, अरे" करत राहिलो.