अख्खा रोडगा

“ताई, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता.” काकाजींच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या माझ्या मेडिकलमध्ये होते. माझा विश्वासच बसेना. आदल्या दिवशीच तर काकाजी फोनवर ओरडत होते, “रविवारी वावरात ये, रोडगे आहेत. भूक घेऊन येजो!”

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. बाभुळगावकडे त्यांची शेती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे करावेत तर काकाजींनीच! शंभर माणसं बोटं चाटत उठायची, आणि हा माणूस स्वतः दोन घासांत ताट बाजूला सारायचा. पोट गच्च, वर जळजळ, वर्षानुवर्षं. यवतमाळला पोटात दुर्बीण घालून पाहिलं. अल्सर नाही, काहीच नाही! घरचे खूश, काकाजी मात्र भडकले. “काईच नाही म्हन्ते. मंग दुखते कायले? मी ढोंग करून राह्यलो काय?” अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, जेवणाआधी घ्यायच्या झाल्या. थोडा उतार पडायचा, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी रात्रीची एक लहानशी गोळी लिहून दिली.

आणि इथं मी माती खाल्ली. दुकानात ही गर्दी, आणि मी काउंटरवरून मोठ्यानं, “काकाजी, ही डिप्रेशनची गोळी तुम्हाला कशाला हो?” सगळे वळून बघायला लागले. काकाजी गोळ्या तिथंच ठेवून निघून गेले. अहो, फार्मसी शिकलेली मी! हीच गोळी कमी मात्रेत पोटाच्या चिडलेल्या नसा शांत करायलाही देतात, हे मला ठाऊक होतं. पण जीभ पुढे धावली ना! स्वतःचा असा संताप आला...

त्याच आठवड्यात रविवारी दुकान बंद ठेवून वावरात गेले. काकाजी निखाऱ्यांत रोडगे फिरवत होते. म्हटलं, “चुकलं माझं, काकाजी. तुमचं पोट खरंच दुखतं. नसांची चिडचिड दुर्बिणीला दिसत नाही. गोळी त्याच्यासाठी आहे.”

हातातला रोडगा त्यांनी निखाऱ्यांवर ठेवला. मग म्हणाले, “खरंच दुखते, असं म्हन्तं तू?”

“हो.”

“मंग दे.”

पहिले काही दिवस “तोंड सुकून राह्यलं पोरी” अशी तक्रार. डॉक्टरांना विचारून धीर दिला. आणि दीडेक महिन्यानं फोन, “पोरी! अख्खा रोडगा खाल्ला! वांग्याच्या भाजीसंग! वरून तूप!” मी दुकानात अशी किंचाळले की समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातून खोकल्याची बाटली सुटता सुटता राहिली. काय तो आनंद! त्यानंतर प्रत्येक पंगतीत काकाजी पहिल्या पानावर.

रात्रीच्या गोळीच्या पाकिटावर मी चंद्र काढते. त्यांनी बजावलं होतं, “चंद्र कायले? माह्या पाकिटावर रोडगा काढ.” त्यांनी बोलावलं होतं त्या रविवारी न्यायचं त्यांचं पाकीट मी रोडगा काढून तयार ठेवलं होतं. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

काल राळेगावकडची एक बाई त्याच गोळीची चिठ्ठी घेऊन आली. मी काउंटर सोडून बाहेर गेले, तिला बाजूला नेऊन हळूच सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले. “म्हंजे माहं दुखनं खरं आहे ना ताई?”

“खरं आहे,” म्हटलं, आणि पाकिटावर काढायला लागले.

“हे काय काढलं?”

“रोडगा,” मी म्हटलं. “अख्खा खायचा.”