जिन्यावरचा आकाशकंदील

वसुबारसेच्या दिवशी माझी बायको जिन्यावरून पडली. धनत्रयोदशीला ती गेली. मुली घरात होत्या. मी नव्हतो.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — माझ्या आईला नाही, सासूबाईंना नाही, ज्या मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. समोर असतात ती माणसं माझ्या हातावर हात ठेवतात, आणि मग मला बोलता येत नाही.

आम्ही परदेशात, लिक्सलिप नावाच्या गावात राहतो. मी इथे शिकायला आलो, शिक्षण संपल्यावर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि राहिलो. मृदुला लग्नानंतर आली. घर भाड्याचं, आणि घरमालकाची अट एकच — भिंतींना खिळे नाहीत, रंग नाही. दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. मृदुलाला अशा अटी आवडायच्या. ती म्हणायची, मोकळी परवानगी मिळाली की माणूस दुकानात जातो, अडवलं की डोकं चालवतो.

तिच्या जुन्या साड्यांचे पडदे झाले. शेजारच्या ब्रीदाने टाकायला काढलेली खुर्ची आली, तिला घासून पिवळा रंग दिला. अंड्यांच्या ट्रेंची फुलं, बटाट्याच्या पोत्याचा बोर्ड, जॅमच्या बाटल्यांचे दिवे. सामानाची खोकी आली की आतल्या सामानाआधी खोक्यांवर झडप पडायची. कधी त्यांची आगगाडी झाली, कधी दुकान, आणि एका पावसाळी आठवड्यात — इथे सगळेच आठवडे पावसाळी, पण तो जरा जास्तच — अख्ख्या बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याचं गाव उभं राहिलं. मुली त्यात बसून जेवल्या. मला आत यायचं तर रांगत यावं लागायचं.

विकत आणायचं ते शेवटचं, असा मृदुलाचा नियम होता. डिंकसुद्धा नाही — मैद्याची खळ शिजवायची. भिजलेले कागद गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात वाळत, ज्याला इथले लोक हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल घ्यायला गेलो की अंगावर कागदी पोपट पडायचे.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काय सुरेख घर असेल. होतं. आता सुरेख वाटतं.

तेव्हा मला ते सहन व्हायचं नाही.

हे लिहायला सोपं जात नाहीये. मी शांत माणूस आहे, म्हणजे लोक तसं म्हणतात. मला पुस्तक लागतं, कोपरा लागतो, कुणी बोलू नये असं वाटतं. कारखान्यात दिवसभर यंत्रांची घरघर, आणि घरी आलो की खळ, चमकी, कात्र्या, भांडणं, दोन मुलींचं एकाच वेळी चाललेलं इंग्रजी. मी दारात उभा राहिलो की मृदुला आतून म्हणायची, "आले गं आमचे ग्रंथपाल. आता सगळ्यांनी हळू बोला." मुली तोंडावर बोट ठेवून मोठ्यांदा हसायच्या. मीही हसायचो. चपला काढताना मनात हिशेब असायचा, की या झोपतील कधी.

मग मी एक सवय लावून घेतली. धाकटी जुई झाल्यानंतर कधीतरी. कामावरून सुटलो की सरळ घरी यायचो नाही. कालव्याच्या कडेला गाडी उभी करायचो, इंजिन बंद, आणि वाचायचो. गाडीच्या खणात एक पुस्तक कायम असायचं. काचेवर पाऊस, आत मी. घरी कळवायचो — मीटिंग लांबली.

दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती. असती तर सांगायला तरी काही असतं. मी फक्त घरी जात नव्हतो. एक माणूस पुस्तक वाचायला बायकोशी खोटं बोलतो — याला पाप म्हणायचं की नुसता हलकटपणा? मला तेव्हा दोन्ही वाटत नव्हतं. मला वाटायचं, हा माझा हक्क आहे.

आता आकाशकंदिलाचं.

पहिल्या वर्षी आम्ही तो दाराबाहेर लावला होता. सकाळी त्याचा लगदा झाला होता, आणि त्याआधी ब्रीदा विचारून गेली होती, की हॅलोवीनचं भूत छान केलंय, पण याला डोळे का नाहीत. तेव्हापासून मृदुलाने ठरवलं की कंदील घरातच, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीसमोर, म्हणजे रस्त्यावरून दिसेल. खिळा ठोकायचा नाही, पण तिथे छताला आधीच्या भाडेकरूने लावलेला एक हूक होता. घरातला एकच. तो नेमका जिन्याच्या पोकळीवर होता, कठड्याच्या पलीकडे. मी उंच आहे. मी कठड्याशी टाचा उंचावून उभा राहिलो की माझा हात पोचायचा, स्टूलही लागत नसे. म्हणून कंदील लावणं हे माझं काम झालं. त्या सगळ्या खटाटोपातलं माझं एवढंच काम.

त्या वर्षीचा कंदील मुलींनी केला होता. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला मिळतात त्या बांबूच्या काड्या, बुटांच्या खोक्यातला पातळ कागद, वेफर्सच्या पाकिटांच्या झिरमिळ्या. सकाळी निघताना मृदुला म्हणाली, "अरे, आज लवकर ये. तुझ्याशिवाय कंदील लागणार नाही आणि तो लागल्याशिवाय जुई जेवणार नाही." मी म्हणालो, येतो.

मी लवकर सुटलोही. गाडी घराच्या दिशेनेच होती. मग कालवा आला — आणि मला वाटलं, थोडंसं. एक प्रकरण. घरी गेलो की आता दिवाळी, म्हणजे पाहुणे, फराळ, गोंगाट. मग कसलं वाचन. मी गाडी थांबवली.

अंधारून आलं तेव्हा मला वेळेचं भान आलं. मी फोन काढून नेहमीसारखा मेसेज केला, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, जसं आपण सगळे लिहितो — मीटिंग चालू आहे, उशीर होईल. आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

काय वाचत होतो ते मला आठवतं. ते सांगणार नाही. ते पुस्तक मी नंतर पूर्ण केलं नाही, एवढं सांगतो.

पुढचं मला ओवीने सांगितलं, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. ओवी आमची थोरली, तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती इथलं इंग्रजी, इथल्या हेलात. ब्रीदा जुईला घेऊन बाकावर बसली होती. मी गुडघ्यांवर बसून ओवीचा चेहरा पुसत होतो. तिच्या केसांत खळ वाळली होती.

तिने सांगितलं ते असं. जुई रडायला लागली होती. आई म्हणाली, बाबा येईपर्यंत आपणच करून बघू. स्टूल कठड्याशी लावलं. ओवीला म्हणाली, "घट्ट धर हं." ओवीने दोन्ही हातांनी धरलं. आई चढली, वाकली, पण हूक जरा लांब होता. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन वाजला. आई म्हणाली, "बघ गं, बाबा असेल. आला वाटतं." ओवीने एका हाताने फोन घेतला. पण उघडायला दुसरा हात लागतो. तिने मेसेज मोठ्याने वाचला. अडखळत, कारण मराठी ती नेहमी अडखळत वाचते. आई हसली. हसून तिच्याकडे वळली, काहीतरी बोलायला. आणि स्टूल सरकलं.

एवढं सांगून ओवीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आय लेट गो."

म्हणजे, मी हात सोडला.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात? मी हे विचारतोय, पण उत्तर नको. बोलायचं काय होतं ते मला तेव्हाही दिसत होतं. सोपं होतं. बाळा, तुझ्या आईला मी येतो म्हणून थांबवून ठेवलं होतं. मी यायला हवं होतं. तो मेसेज खोटा होता. मी या घरापासून गाडीने काही मिनिटांवर बसलो होतो आणि मला कुठलीही मीटिंग नव्हती. एवढंच. ती सात वर्षांची होती, पण हे समजायला सात वर्षं पुरतात.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "असू दे, बाळा. मी तुझ्यावर रागावलो नाही."

मी तिला माफ केलं.

हा माझा गुन्हा आहे. पुस्तक नाही, कालवा नाही, ते सगळं याच्या अलीकडचं. मी माझ्या मुलीला तिने न केलेल्या गोष्टीबद्दल क्षमा केली, आणि क्षमा केल्यामुळे ती गोष्ट तिची झाली. एकदा माफी मिळाली की अपराध पक्का होतो ना?

मग माणसं आली. सासूबाई नाशिकहून आल्या, आणि त्यांनी माझा हात धरून पहिलं वाक्य म्हटलं ते, "शिरीषराव, तुम्ही कामावर होतात. स्वतःला लावून घेऊ नका." ब्रीदा ब्राउन ब्रेड घेऊन यायची, चहा करायची, आणि तिच्या भाषेत तेच म्हणायची. कारखान्यातले म्हणायचे. सगळ्यांनी मिळून मला ती मीटिंग दिली. कुणी विचारलं नाही कसली. कारखान्यातल्यांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी टीमबरोबर असेल. मी मान खाली घालायचो, आणि त्यांना ते दुःख वाटायचं.

शाळेने ओवीसाठी एक समुपदेशक बाई दिल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ती स्वतःला दोष देते आहे, तिची चूक नव्हती हे तिला पुन्हा पुन्हा सांगा. मी सांगायला लागलो. रात्री पांघरूण घालताना, शाळेत सोडताना. तुझी चूक नव्हती, तुझी चूक नव्हती. ती ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, मग कुणाची? मी म्हणालो, कुणाचीच नाही, असं होतं कधी कधी. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पुरावा होता — रिकामा हात. माझ्याकडे असलेला पुरावा मी तिला देत नव्हतो. मग तिने माझं का ऐकावं?

आणि ते हसणं. माझ्या डोक्यातून ते जात नाही. ओवी म्हणते, आई हसली. मीटिंग चालू आहे, उशीर होईल — यात हसण्यासारखं काय आहे? की तिला माहीत होतं? कालव्याच्या कडेने ती मुलींना कितीदा फिरायला न्यायची. लांबून गाडी दिसली असेल का? दिसली असेल, तर तिने मला कधीच का विचारलं नाही? ती मुलीकडे वळली ते काय सांगायला? ग्रंथपालांचं काहीतरी, एखादी थट्टा? मी रोज त्या वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो. ते सुरू होत नाही. तिने या जगात शेवटचं ऐकलं ते माझं खोटं, आणि ते तिला माझ्या मुलीच्या आवाजात ऐकावं लागलं.

घराचं काय झालं ते सांगतो. पडदे अजून तेच आहेत, मी धुतो. ओवी आता बारा वर्षांची आहे. घर तीच सजवते. आईसारखंच, टाकाऊ वस्तू घेऊन, जुईला शेजारी बसवून. मी घरी असतो. कामावरून सुटलो की सरळ येतो, आणि जमिनीवर बसून त्यांना कागद कापून देतो. मला अजूनही गोंगाट आवडत नाही. हे खरं आहे म्हणून सांगतो. आणि घरात कुणीही कशावर चढलं — मी दिवा बदलायला, जुई कपाटातला डबा काढायला — की ओवी कुठूनही येते, न बोलता, आणि खाली वाकून पाय धरते. खुर्चीचे नाही. माणसाचे.

या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. जुई खळ ढवळत होती. ओवी काड्या बांधत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, ती मीटिंग कशाबद्दल होती?" हे ती मराठीत बोलली. ती मराठीत क्वचितच बोलते.

मी म्हणालो, "एक मशीन बंद पडलं होतं."

"वॉज इट इम्पॉर्टंट?"

मी म्हणालो, "हो."

तिने हातातली गाठ पक्की केली. मग तिचे खांदे सैल झाले. मी ते पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ओके," ती म्हणाली. "दॅट्स गुड."

तिला ते महत्त्वाचं असायला हवं होतं. आईसाठी नाही, माझ्यासाठी. तिने मला सोडवलं होतं, आणि मी सुटलो.

ओवीला वाटतं की तिने हात सोडला म्हणून आई गेली, आणि तिच्या बाबांना त्या दिवशी महत्त्वाचं काम होतं. तिला दोन्ही गोष्टी माझ्याकडून मिळाल्या. ती दोन्हीवर विश्वास ठेवते.