ग्रहणातला भोपळा

माझ्या मायनं ग्रहणात भोपळा चिरला होता. पुढची दहा वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत राहिली.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

आम्ही जालन्याकडच्या धावड्याचे. पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. मायला सातवा महिना. पाहुणे आले म्हणून ती घाईत विळीवर बसली. आत्यानं पाहिलं.

पोटात माझी धाकटी बहीण होती.

बाळ रडायचंच नाही, म्हणून नाव ठेवलं शांता. दूध पिता पिता झोपायची. शेजारणी आपली रडकी पोरं तिच्या पाळण्यात आणून टाकायच्या, गुण लागावा म्हणून.

दीड वर्षाची झाली तरी बसेना, तेव्हा जालन्याला नेली. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडची ग्रंथी जन्मापासून जवळजवळ नव्हतीच. रोज एक गोळी, जन्मभर. पण उशीर झाला होता, बुद्धीची वाढ मागं पडली होती. शाळा दुसरीतच सुटली.

आत्या म्हणाली, "ग्रहणात चिरलंस ना? मंग?"

त्यानंतर आमच्या घरात भोपळा आला नाही.

एमएस्सी झुऑलॉजीला असताना मी सुट्टीत घरी आले. एम्ब्रियॉलॉजीचं, म्हणजे गर्भाच्या वाढीचं, पुस्तक उघडून मायला सांगायला बसले. ही ग्रंथी गळ्यात सुरू होत नाही. जिभेच्या मुळाशी होते, मग खाली उतरते. त्याला ठरावीक जीन्स, म्हणजे जनुकं, लागतात. उंदरात त्यातला एखादा बंद केला, तर ग्रंथी होतच नाही. माणसात बहुतेकदा कारण सापडत नाही. शांताचंही नाही सापडलं.

मायला उंदरात काही रस नव्हता.

"कितव्या महिन्यात उतरती ती?"

"दुसरा संपेस्तोवर सगळं आटोपतं."

तिनं बोटांवर महिने मोजले.

"म्हंजी दिवाळीच्या लई आधीच होऊन गेल्तं?"

"बराबर."

"भोपळ्याचं काही न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

ती न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ.

मला वाटायचं, ग्रहणाचं खोटं आहे हे तिला कळतच असेल. म्हणून आधी कधी बोललेच नाही. ती माझी चूक. अजून सलते.

पुढच्या आठवड्यात टेंभुर्णीहून आत्या आली. मायनं तिच्यासमोर विळी मांडली, लाल भोपळा घेतला आणि शांताला जवळ बसवलं. सगळा चिरून काढला.

आज वर्षश्राद्ध. पानात रिवाजाप्रमाणे भोपळ्याची भाजी आहे. शांतानं चिरली. सकाळची गोळीही तिनं आठवणीनं घेतली.

माय, तुझं काहीच चुकलं नव्हतं.
नमस्कार.